वाचक विचारतात : न्यूयॉर्कचे महापौर डिविट क्लिंटन

मागच्या अंकातील टिपणात डिविट क्लिंटन (१७६९–१८२८) यांचा उल्लेख ‘तीन वेळा न्यूयॉर्कचे महापौर आणि एरी कालव्याचे कर्ते’ असा एका ओळीत आला होता. त्या ओळीवर बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

क्लिंटन १८०३ ते १८१५ महापौर होते असे आपण लिहिले. पण महापौरांच्या यादीत मध्येच दुसरी नावे दिसतात. मतदारांनी त्यांना दोनदा पाडले होते का? (पुणे)

मतदारांनी पाडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्यांना निवडले मतदारांनी नव्हतेच. त्या काळी न्यूयॉर्कचा महापौर राज्याच्या राजधानीतील, म्हणजे ऑल्बनीतील ‘कौन्सिल ऑफ अपॉइंटमेंट’ नेमत असे. गव्हर्नर आणि राज्याच्या चार विभागांतून प्रत्येकी एक सिनेटर अशी ही पाच जणांची समिती होती. तिच्यात बहुमत बदलले की महापौर बदले. क्लिंटन यांचे कार्यकाळ १८०३–०७, १८०८–१०, १८११–१५ असे तीन आहेत. १८०७–०८ च्या मधल्या काळात मरिनस विलेट आले, १८१०–११ मध्ये जेकब रॅडक्लिफ. म्हणून ‘१८०३ ते १८१५’ असे सलग लिहिणे ही आमची चूक, यादी बरोबर आहे.

१८१५ साली त्यांना काढले ते त्यांच्याच पक्षाने. १८१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांनी फेडरलिस्ट या विरोधी पक्षाच्या पाठिंब्यावर स्वपक्षाचे अध्यक्ष जेम्स मॅडिसन यांच्याविरुद्ध उभे राहून निर्वाचकांची ८९ मते घेतली (मॅडिसनना १२८). हे पक्ष विसरला नाही. न्यूयॉर्ककरांना महापौर थेट मतदानाने निवडता आला तो १८३४ पासून.

क्लिंटन यांनी अमेरिकेच्या सिनेटमधील जागा सोडून महापौरपद का घेतले? (कोल्हापूर)

आजच्या मुंबईच्या महापौरपदावरून अंदाज बांधला तर हे कोडे सुटणार नाही. आपल्याकडे प्रशासनाची सूत्रे आयुक्तांच्या हाती असतात. १८०३ च्या न्यूयॉर्कमध्ये महापौर नगरपरिषदेचा प्रमुख होता, शिवाय न्यायाधीशही होता. खानावळी-दारूगुत्ते आणि घोड्याच्या मालगाड्या हाकणारे ‘कार्टमन’ यांचे परवाने त्याच्या सहीने निघत आणि त्यांचे शुल्क त्याला मिळे. उत्पन्न मोठे आणि माणसांशी रोजचा संबंध, म्हणजे राजकारणाचा पायाच. उलट वॉशिंग्टन तेव्हा अर्धवट बांधलेले गाव होते.

जागा रिकामी झाली तीही एका संकटातून. आधीचे महापौर एडवर्ड लिव्हिंग्स्टन १८०३ च्या पीतज्वराच्या साथीत स्वतः आजारी पडले, आणि त्यांच्याकडे असलेल्या सरकारी वकिलीच्या खात्यात मोठी तूट निघाली. त्यांनी दोन्ही पदे सोडली.

न्यायाधीश म्हणून क्लिंटन यांचा एक निकाल आजही कायद्याच्या अभ्यासात येतो. १८१३ साली अँथनी कोलमन या कॅथलिक धर्मगुरूंनी चोरीचा माल परत मिळवून दिला, पण तो कोणी दिला हे सांगायला नकार दिला, कारण ते त्यांना कबुलीजबाबात, धर्मविधीचा भाग म्हणून कळले होते. क्लिंटन यांच्या न्यायालयाने त्यांना साक्षीची सक्ती केली नाही. प्रॉटेस्टंट बहुसंख्य असलेल्या शहरात अल्पसंख्य पंथाच्या बाजूने हा निकाल देणे सोपे नव्हते. आमच्या मते त्यांच्या महापौरपदातील हे सर्वांत मोलाचे काम.

त्यांनी गरिबांसाठी शाळा काढल्या आणि त्यांची पद्धत मद्रासहून आली होती असे वाचले. हे खरे आहे का? (नागपूर, निवृत्त शिक्षिका)

खरे आहे, मात्र वाट लंडनमार्गे. १८०५ मध्ये ‘फ्री स्कूल सोसायटी’ स्थापन झाली, क्लिंटन तिचे अध्यक्ष होते. तिच्या शाळांत लंडनचे शिक्षक जोसेफ लँकेस्टर यांची पद्धत चालवली गेली. अँड्र्यू बेल यांनी मद्रासच्या एग्मोर येथील अनाथालयात अशीच पद्धत आधी चालवून १७९७ साली तिचा अहवाल छापला होता. देशी शाळेतील मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवताना पाहून बेल यांना ही युक्ती सुचली. आपल्याला यात नवल नाही. धूळपाटीवरची धुळाक्षरे पंतोजींच्या शाळेत पिढ्यान्‌पिढ्या गिरवली गेली.

पद्धत अशी : एका मोठ्या दालनात शेकडो मुले, शिक्षक एकच. तो आधी मोठ्या मुलांना धडा देई. मग त्यांतील प्रत्येक जण साधारण दहा मुलांचा ‘मॉनिटर’ होई. लहानांपुढे कोरड्या वाळूचा ट्रे असे. अक्षर काढायचे, मॉनिटरने पाहायचे, फळीने वाळू सपाट करून पुढचे काढायचे. त्यानंतर पाटी. वाचन भिंतीवरच्या तक्त्यांवरून, अर्धवर्तुळात उभे राहून. त्यामुळे कागद आणि पुस्तके जवळपास लागत नसत आणि खर्च अगदी कमी येई.

दोषही त्यातच होता. मॉनिटरला येई ते सकाळी शिकलेले तेवढेच. मुलाने ‘असे का?’ विचारले की गाडी अडे. पाठांतर उत्तम आणि समज कच्ची राही. ही संस्था १८५३ मध्ये शहराच्या शिक्षण मंडळात विलीन झाली.

मी पाटबंधारे खात्यात होतो. प्रशिक्षित अभियंते नसताना ३६३ मैलांचा कालवा कसा झाला? (सांगली)

एरी सरोवर हडसन नदीला जोडणाऱ्या या कालव्याची आधी मापे देतो. वरची रुंदी ४० फूट, तळाची २८, खोली फक्त ४ फूट. लॉक, म्हणजे पाण्याची पातळी कमी-जास्त करून नाव चढवणारे-उतरवणारे दरवाज्यांचे कप्पे, ८३, प्रत्येक ९० फूट लांब आणि १५ रुंद. नाव ओढायला काठावरून घोडे किंवा खेचरे. एरी सरोवर हडसन नदीपेक्षा साडेपाचशे फुटांहून उंच, म्हणून एवढे लॉक लागले.

बेंजामिन राइट आणि जेम्स गेडीस हे प्रमुख अभियंते मुळात जमीनमोजणी करणारे होते. काम ४ जुलै १८१७ ला रोम या गावी, म्हणजे मार्गाच्या मधोमध सुरू केले. आपल्या लक्षात आलेच असेल : तिथली जमीन सपाट आणि मऊ, लॉकविना लांब पल्ला खणता येतो. हे राजकारणही होते. मॅडिसन यांनी केंद्राच्या मदतीचे विधेयक मार्च १८१७ मध्ये फेटाळल्याने सगळा भार राज्याच्या कर्जरोख्यांवर, मिठावरच्या करावर आणि लिलावांवरच्या शुल्कावर होता. पाणी भरलेला कालवा लोकांना लवकर दिसला नसता, तर पुढचे पैसे मंजूरच झाले नसते.

खरी अडचण लॉकच्या बांधकामात होती. साधा चुना पाण्याखाली धरत नाही, सांधे धुऊन जातात. कॅनव्हास व्हाइट इंग्लंडचे कालवे पाहून आले आणि १८१८ मध्ये चिटनँगो गावाजवळ असा चुनखडक सापडला, जो भाजून दळला की पाण्यातही घट्ट होतो. परदेशी सिमेंटचा खर्च वाचला. झाडांचे बुंधे उपटायला १६ फूट व्यासाच्या चाकांचे यंत्र केले. सात माणसे आणि घोड्यांची जोडी दिवसाला तीस-चाळीस बुंधे काढत. माँटेझुमाच्या दलदलीत मात्र हिवतापाने मजुरांचे फार हाल झाले.

बफेलोहून न्यूयॉर्कला एक टन माल न्यायला सुमारे १०० डॉलर लागत, ते दहाच्या आसपास आले. हा कालवा शेवटी क्लिंटन यांनाही राजकारणात परत घेऊन आला. १८२४ मध्ये विरोधकांनी त्यांना कालवा आयोगावरून काढले, लोक चिडले आणि त्याच वर्षी ते पुन्हा गव्हर्नर म्हणून निवडून आले.

न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या खुणा कुठे पाहता येतील? (एडिसन, न्यू जर्सी)

मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला बॅटरी पार्कमध्ये कॅसल क्लिंटन हा गोल किल्ला आहे. ते महापौर असताना तो बांधला गेला, नाव १८१७ चे. स्वातंत्र्यदेवतेच्या फेरीची तिकिटे तिथेच मिळतात, म्हणून बरेच जण रांगेत उभे राहतात पण किल्ला पाहत नाहीत. पुढे सिटी हॉल. त्याचा बाहेरचा पांढरा दगड १९५० च्या दशकात बदललेला आहे, मूळचा नाही. ब्रुकलिनच्या ग्रीन-वूड स्मशानभूमीत त्यांचा ब्राँझचा पुतळा आहे. ते गव्हर्नरपदावर असताना, ११ फेब्रुवारी १८२८ ला गेले, तेव्हा इतके कर्ज होते की घरातले सामान विकावे लागले. देह ऑल्बनीत मित्राच्या कुटुंबाच्या कबरीत ठेवला गेला आणि १८४४ मध्ये ब्रुकलिनला आला.

एक सावधगिरी : राज्यातला क्लिंटन जिल्हा त्यांच्या नावाचा नाही, तो त्यांचे काका जॉर्ज क्लिंटन यांच्या नावाचा आहे.

कालव्याच्या उद्घाटनाला गंगेचे पाणी वापरले होते का? (वाई)

होय. ४ नोव्हेंबर १८२५ ला सँडी हुकजवळ क्लिंटन यांनी बफेलोहून पिंपात आणलेले एरीचे पाणी समुद्रात ओतले. त्यानंतर डॉ. सॅम्युएल मिचेल यांनी जगातल्या नद्यांच्या पाण्याच्या कुप्या रिकाम्या केल्या. त्यांत नाईल, टेम्स, ऱ्हाइन, ॲमेझॉन यांच्यासोबत गंगा आणि सिंधू या दोन्ही होत्या.