पुनरुत्थानाबद्दल एकमत नसलेली मंडळी लेंट आणि ईस्टर का पाळते, आणि कसा पाळते?

आपण असे विचारले आहे की, जी ख्रिस्ती मंडळी स्वतःला पुरोगामी म्हणवते, बायबलमधील प्रत्येक ओळ इतिहास म्हणून वाचत नाही आणि थडग्यातून येशूचा देह उठला की नाही याबद्दल सभासदांकडून कबुली मागत नाही, ती ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासाचा काळ, म्हणजे लेंट, आणि त्यानंतरचा ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण, नेमका कशासाठी पाळते, आणि खेड्यात हे सगळे दिसते तरी कसे. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान मंडळीची सभासद आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले आहे आणि काही वर्षांपासून मंडळीच्या कमिटीवर आहे. हे उत्तर त्या एका मंडळीपुरतेच समजावे, कारण शेजारच्या तालुक्यात आपल्याला याच्या अगदी उलट सांगणारी आणि तितकीच प्रामाणिक ख्रिस्ती माणसे भेटतील.

आमच्याकडे लेंट हा मुख्यतः वाटणीचा काळ आहे. कोणी काय सोडले याची चौकशी आम्ही करीत नाही. सोडलेले कोणाच्या घरी पोचले याचा हिशेब मात्र कमिटीपुढे मांडावा लागतो. पुनरुत्थानाविषयी मतभेद असूनही आम्ही एकत्र राहू शकतो ते बहुधा या हिशेबामुळेच.

कालगणना थोडक्यात सांगते. लेंटच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे राखेच्या बुधवारापासून, ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत सेहेचाळीस दिवस होतात. त्यांतील सहा रविवार उपवासाचे धरत नाहीत, म्हणून चाळीस. ईस्टर २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी असतो, म्हणजे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येऊ शकतो. आमच्या भागात हा काळ कापसाची शेवटची वेचणी उरकण्याचा, हरभरा आणि गहू घरात येण्याचा, पळस फुलून झडण्याचा आणि रानात मोह वेचण्याचा असतो. गावातील आयाबाया दरवर्षी आपुलकीने विचारतात की तुमच्या उपवासाला साबुदाणा चालतो का. आणि आमचा उपवास म्हणजे दुपारचे जेवण सोडणे, त्यात फराळ नाही, हे ऐकून त्यांना आमची थोडी कीवही येते.

येथे हेही सांगायला हवे की, लेंट ही आमच्या आजी-आजोबांची परंपरा नव्हे. नागपुरात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्टीफन हिस्लॉप यांच्यापासून सुरू झालेले स्कॉटिश मिशन, यवतमाळ परिसरातील फ्री मेथडिस्ट मिशन आणि वऱ्हाडातील अलायन्स मिशन यांच्यापैकी कोणाचाच भर राख, झावळ्या किंवा ठराविक उपवासांवर नव्हता. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले आणि त्यात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची, परंपराही असल्यामुळे या चालीरीतींची ओळख इतरांना अधिक जवळून होऊ लागली. आम्ही त्या सवडीने घेतल्या, आणि उशिरा घेतल्या म्हणूनच त्या तपासून, हव्या तशा वळवून घेता आल्या. जन्मापासून अंगवळणी पडलेल्या रीतीला हात लावणे कठीण असते.

राखेच्या बुधवारी आदल्या वर्षीच्या वाळलेल्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळावर लावतात आणि ‘तू माती आहेस आणि मातीला मिळशील’ या अर्थाचे उत्पत्तीच्या पुस्तकातील वचन म्हणतात. आमच्याकडे या वचनावर मोठा वाद झाला. मंडळीतील निम्म्याहून अधिक घरे अशा जातींतून आलेली आहेत ज्यांच्या पूर्वजांना गावाने पिढ्यान्‌पिढ्या हेच ऐकवले होते. एका वृद्ध सभासदाने बैठकीत उभे राहून सांगितले की, ‘मी माती आहे हे मला गावाच्या पाटलाने आधीच शिकवले आहे, ते पुन्हा शिकायला मी देवळात येणार नाही.’ पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, त्यावर लगेच उत्तर दिले नाही. पश्चात्तापाचे शब्द बड्या माणसाला नम्र करतात, पण तेच शब्द आधीच वाकवलेल्या माणसाला आणखी वाकवतात, ही गोष्ट धर्मशास्त्राच्या वर्गात मांडणे सोपे आहे. उपासनेच्या पुस्तकात तिच्यासाठी जागा करणे अवघड आहे. शेवटी असे ठरले की, राख सर्वांनी एकमेकांना लावायची, पाळकांनी ती एखाद्या शेतमजूर सभासदाकडून लावून घ्यायची, आणि लावताना ‘आपण एकाच मातीचे आहोत’ असे म्हणायचे. ज्यांना जुने वचन हवे असते त्यांच्यासाठी ते वाचनात राहतेच. काहींना हा बदल पाणचट वाटतो. माझ्या मते तो मूळ वचनापेक्षा अधिक कठोर आहे, कारण ज्याच्याकडे पंधरा एकर ओलीत आहे त्याला हे वाक्य म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे लागते.

उपवासाचा आमचा नियम यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायावर उभा आहे. देवाला आवडणारा उपवास म्हणजे अन्यायाच्या बेड्या सोडणे, भुकेल्याला आपल्यातली भाकर देणे आणि उघड्याला वस्त्र देणे, असे तेथे म्हटले आहे. यावरून आम्ही सरळ अर्थ काढला की, जी बाई उन्हात रोजाने कामावर जाते तिला कोणी उपवास सांगायचा नाही. पेन्शनवाले, नोकरदार, दुकानदार आणि बागायतदार यांनी आठवड्यातून काही जेवणे सोडावीत आणि त्यांची किंमत पेटीत टाकावी. ती पेटी ईस्टरनंतर उघडते. तिच्यातील रक्कम मृग लागण्यापूर्वी, म्हणजे बियाण्यासाठी सावकाराकडे जाण्याची वेळ येण्याआधी, गावातील एकट्या बाया चालवतात अशा शेतकरी घरांना दिली जाते. घर कोणत्या धर्माचे आहे हे विचारत नाही, सोबत पत्रक देत नाही, उपासनेला या असे सुचवतही नाही. शक्यतो देणाऱ्याचे नावही सांगत नाही, कारण उपवास लोकांना दाखवण्यासाठी करू नये असे मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या बायबलमधील चार पुस्तकांपैकी एकात, स्पष्ट सांगितले आहे. हल्ली ख्रिस्ती माणसाने कोणाला काही दिले की धर्मांतराची शंका घेतली जाते, याची आम्हाला जाणीव आहे; पण या नियमाचे मूळ त्या भीतीत नाही. अट घालून दिलेले बियाणे हेही एक प्रकारचे कर्जच असते.

या काळात आमची मंडळी दोन तारखा आवर्जून पाळते, आणि त्या लेंटमध्ये येण्यात गणिताची गंमत आहे. राखेचा बुधवार १० मार्चच्या पुढे जात नाही आणि ईस्टर २२ मार्चच्या अलीकडे येत नाही. त्यामुळे १० मार्च आणि २० मार्च हे दिवस दरवर्षी या काळातच पडतात. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले, आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाणी प्राशन केले. आम्ही या दोघांना ख्रिस्ती करून घेत नाही. तसे करणे उद्धटपणाचे होईल. त्या आठवड्यांतील प्रार्थनेत त्यांचे स्मरण करतो आणि पाण्याविषयीचा एखादा उतारा वाचतो, एवढेच.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी येशूच्या यरुशलेम-प्रवेशाची आठवण म्हणून झावळ्या घेतात, तो झावळ्यांचा रविवार. पण नारळाच्या झावळ्या आमच्याकडे कोठून येणार? नाल्याकाठच्या शिंदीच्या आणतो. मार्कस बोर्ग आणि जॉन डॉमिनिक क्रॉसन या अभ्यासकांनी अशी मांडणी केली आहे की, वल्हांडण या यहूदी सणाच्या सुमारास यरुशलेमात एका बाजूने रोमी सुभेदार पिलात फौजफाट्यासह येत असे आणि येशूची गाढवावरची मिरवणूक ही त्या लवाजम्याला दिलेले उत्तर होती. निवडणुकीच्या काळात गावातून गाड्यांचे ताफे गेलेले ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

त्याच आठवड्यातील गुरुवारी प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणविधीआधी, पाय धुण्याचा विधी होतो. अनेक ठिकाणी पाळक बारा पुरुषांचे पाय धुतात; आमच्याकडे स्त्रिया असतातच, आणि शेतमालकाने आपल्याच शेतात राबणाऱ्याचे पाय धुवावेत असा प्रयत्न असतो. अडचण धुणाऱ्यांकडून फारशी येत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र जसा नकार देतो तसाच नकार आमच्या मजूर बाया देतात, भेगाळलेल्या टाचा लुगड्याखाली ओढून घेतात आणि ‘मालक, उद्या पुन्हा तुमच्याच वावरात यायचे आहे’ म्हणतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. एका संध्याकाळच्या विधीने शनिवारची मजुरी वाढत नाही, म्हणून अलीकडे कमिटीतील बागायतदारांनी त्याच आठवड्यात मजुरीचा दर उघडपणे बोलावा, असा आग्रह आम्ही काही जणी धरतो. तो अजून सर्वांना मान्य झालेला नाही.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे येशूच्या मृत्यूच्या स्मरणदिनी (गुड फ्रायडे), दुपारी बारा ते तीन या वेळात क्रुसावरील सात उद्गारांवर मनन होते. येथे आमचा इतर मंडळ्यांशी सर्वांत मोठा फरक आहे. मानवाच्या पापाची किंमत म्हणून देवाला निष्पाप रक्त हवे होते, ही शिकवण आम्ही व्यासपीठावरून देत नाही. क्रूस ही रोमी साम्राज्याची, गुलाम आणि बंडखोर यांच्यासाठी राखलेली, शिक्षा होती. येशूला सत्तेने मारले आणि देव मारणाऱ्यांच्या बाजूला नव्हता, असे आम्ही म्हणतो. मृत्यूचा दोष यहूदी लोकांवर टाकणारे वाचन आम्ही टाळतो; रोमन कॅथोलिक चर्चमध्येही पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ मध्ये उत्तम शुक्रवारच्या प्रार्थनेतून यहूद्यांविषयीचा अवमानकारक शब्द काढायला लावला होता.

चौथ्या उद्गाराच्या वेळी, म्हणजे ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ या वचनानंतर, प्रवचन होत नाही. परिसरातील ज्या शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या त्यांची नावे, कुटुंबाची परवानगी असेल तर, वाचली जातात. त्यांत ख्रिस्ती नावे फार थोडी असतात. शासनाच्या मदतीसाठी अशा मृत्यूंची पात्र आणि अपात्र अशी विभागणी होते. सातबारा सासऱ्याच्या नावावर असला किंवा कर्ज बँकेऐवजी परवाना नसलेल्या सावकाराचे असले तर घर अपात्र ठरू शकते. आमच्या यादीत ही विभागणी नाही. आत्महत्या हे पाप आहे म्हणून त्या माणसाचे नाव देवळात घेऊ नये, असे मानणारे लोक आमच्यातही होते आणि त्यांच्यापैकी काही जण मंडळी सोडून गेले. त्यांच्या जाण्याचे मला दुःख आहे, पण ज्या वचनात खुद्द येशूच सोडून दिल्याची तक्रार करतो त्या वचनाखाली ही नावे वाचता येत नसतील, तर ती कोठे वाचायची, हे त्यांनी कधी सांगितले नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येते. ईस्टरच्या पहाटे आम्ही कबरस्थानात जमतो. आठवडाभर आधी कबरी झाडून चुना लावलेला असतो, मेणबत्त्या आणि झेंडू असतो. ‘प्रभू उठला आहे’ ही घोषणा आमच्याकडे नेहमी एखादी स्त्री करते, कारण चारही शुभवर्तमानांत रिकाम्या थडग्याची बातमी आधी स्त्रियांनाच कळते आणि येशूची शिष्या मग्दालीया मरीया हिचे नाव चारही ठिकाणी आहे. उत्तरादाखल ‘खरोखर उठला आहे’ असे म्हणणाऱ्यांत माझे एक दीर आहेत, जे देह उठला यावर अक्षरशः विश्वास ठेवतात. आमचे पाळकसाहेब प्रेषित पौलाने करिंथ शहरातील मंडळीला, म्हणजे करिंथकरांस, लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आधार घेतात. हे पत्र शुभवर्तमानांहून जुने आहे, त्यात रिकाम्या थडग्याचे वर्णन नाही, दर्शनांची यादी आहे, आणि पौल स्वतःला झालेले दर्शनही त्याच यादीत घालतो. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या प्रतींमध्ये तर गोष्ट भयभीत होऊन पळणाऱ्या स्त्रियांपाशीच थांबते. मी स्वतः या दोघांच्या मध्ये कोठेतरी आहे आणि काही वर्षी दिरांच्या अधिक जवळ असते. ज्याला मारून विषय संपवला असे सत्तेला वाटले त्याच्यामागे लोक पुन्हा एकत्र जमले, भाकर मोडू लागले, हे घडले याबद्दल मला शंका नाही. ते कसे घडले हे मला सांगता येत नाही, आणि घोषणेत सामील होण्यासाठी ते सांगावे लागत नाही. उपासनेनंतर गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी असते. मटण ज्याच्या-त्याच्या घरी. सामाईक जेवण गावातील कोणालाही बसून खाता यावे म्हणून शाकाहारी ठेवले आहे, याबद्दल तरुण मंडळी दरवर्षी कुरकुर करतात.

आपण विदर्भात असाल आणि प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर जवळच्या मंडळीच्या पाळकांना आधी विचारून शुक्रवारच्या उपासनेला जावे. ईस्टरपेक्षा त्या दिवशी मंडळीचा स्वभाव अधिक कळतो. २०२८ मध्ये उत्तम शुक्रवार १४ एप्रिलला, म्हणजे आंबेडकर जयंतीच्याच दिवशी येत आहे. २०१७ मध्येही तसे झाले होते आणि तेव्हा तीन तासांचे मनन व गावातील मिरवणूक यांचा मेळ घालताना कमिटीत बरीच खडाजंगी झाली होती. पुढच्या खेपेस उपासना सकाळी घेऊन सर्वांनी मिरवणुकीत जावे, असे माझे मत आहे. दीर अर्थातच विरोधात आहेत.