संग्रहालयात मुलगी नेमके काय काम करणार?

पत्राचा आशय: इचलकरंजीचे एक यंत्रमागधारक लिहितात की, त्यांची मुलगी पुण्यात टेक्स्टाइल डिझाइनच्या पदवीच्या चौथ्या वर्षाला आहे. सुट्टीत न्यू जर्सीला मामाकडे गेली असता ती न्यूयॉर्कच्या फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे संग्रहालय तीन वेळा पाहून आली आणि आता म्हणते की, कापड डिझाइन करण्यापेक्षा मला अशी प्रदर्शने उभारायची आहेत व त्याच संस्थेत एम.ए. करायचे आहे. वडिलांचे प्रश्न तीन आहेत: काचेपलीकडे कपडे मांडायला एवढे शिक्षण कशाला लागते? त्यावर पोट भरते का? आणि त्यासाठी आठ माग विकावेत का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार. आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पत्रातील खरी काळजी तिथे आहे. माग आत्ता विकू नका. मुलीची आवड खोटी आहे असे मला मुळीच वाटत नाही. एकच संग्रहालय पाहायला जी मुलगी तीन वेळा जाते, तिला तिथे काहीतरी नक्की दिसलेले असते. मात्र प्रदर्शन उभारण्यामागे चार-पाच वेगवेगळे व्यवसाय असतात, त्यांपैकी आपल्याला कोणता हवा हे तिने अजून ठरवलेले नाही, आणि ते ठरण्याआधी परदेशी शिक्षणावर मोठी रक्कम खर्च करणे योग्य नाही.

तिने जे पाहिले ते साधे संग्रहालय नव्हे, हे आपण समजून घ्यावे. फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही मूळ संस्था १९४४ मध्ये सुरू झाली आणि ती न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाचा भाग आहे. तिथला संग्रह १९६९ मध्ये ‘डिझाइन लॅबोरेटरी’ या नावाने सुरू झाला, म्हणजे आरंभी तो विद्यार्थ्यांना जवळून अभ्यासता याव्यात अशा कपड्यांचा आणि कापडांचा साठा होता. ब्रुकलिन संग्रहालयाने दीर्घ मुदतीवर दिलेल्या वस्तू त्यात होत्या. प्रदर्शने त्यानंतर, १९७५ पासून होऊ लागली. आज त्या संग्रहात सुमारे ५०,००० कपडे आणि त्यांच्या जोडीच्या वस्तू आहेत, आणि संग्रहालय पाहायला तिकीट लागत नाही. विद्यापीठातील संग्रहालयाचा हा क्रम मला फार मोलाचा वाटतो: तिथे वस्तू आधी अभ्यासाला येते आणि मग प्रेक्षकांसमोर जाते. त्यामुळे तिथली प्रदर्शनेही विचारपूर्वक ठरवलेली असतात. २०१८ मध्ये ‘फॅशन अनरॅव्हल्ड’ या प्रदर्शनात त्यांनी फाटलेले, दुरुस्त केलेले, उसवून पुन्हा शिवलेले आणि अर्धवट राहिलेले कपडे मांडले होते. दुकानदार जो माल मागे ठेवतो, तो तिथे पुढे आणला गेला, कारण कपडा कसा शिवला, कोणी किती वापरला आणि घरात पुढे कोणाला दिला, हे अशाच कपड्यांवरून कळते. त्याच वर्षी खिसे आणि पर्स यांच्या इतिहासावरील एक छोटे प्रदर्शन तिथल्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी संग्रहालयाच्या सहकार्याने उभारले. आपली मुलगी ज्या अभ्यासक्रमाचे नाव घेते, तो हाच.

आता आपला पहिला प्रश्न. एक जुना झगा पुतळ्यावर चढवायचा असेल तर दुकानात पुतळ्याच्या मापाचा कपडा शोधतात. संग्रहालयात याच्या उलट, कपड्याच्या मापाचा पुतळा तयार करावा लागतो. कपडा पसरून त्याची छाती, कंबर, खांदा आणि पाठीची लांबी मोजतात, त्याहून बारीक पुतळा निवडतात, त्यावर पॉलिस्टरच्या कापसासारख्या मऊ भरणाचे थर टाके घालून बसवतात, वरून विणलेल्या मऊ कापडाचे आवरण शिवतात, आणि हे सारे बरोबर जमले तरच शंभर वर्षांपूर्वीचा रेशमी कपडा त्यावर दोघीतिघी मिळून हळूच चढवतात. एक थर जास्त झाला तर शिवणीवर ताण येतो, आणि कमी पडला तर कपडा लोंबतो व पाहणाऱ्याला मूळ आकार कळत नाही. त्यावर पडणारा उजेडही मोजून ठेवतात. कापडासाठी साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचे एकक), म्हणजे कार्यालयातील टेबलावर असतो त्याच्या सुमारे दहावा भाग एवढाच प्रकाश चालतो, कारण उजेडाने उडालेला रंग परत येत नाही आणि नुकसान थेंबाथेंबाने साचत जाते. म्हणून असे कपडे काही महिन्यांनी उतरवून पुन्हा अंधारात ठेवतात. एवढ्या मंद उजेडात कपड्याची वीण दिसावी, शेजारची पाटी वाचता यावी आणि माणसांनी एकमेकांना न अडवता पुढे सरकावे, अशी जागा आखणे हे अस्सल डिझाइनचे काम आहे. तिचे शिक्षण वाया जाईल ही भीती म्हणूनच बाळगू नका; ताणा-बाणा आणि रंग जाणणारी व्यक्ती या कामात फार उपयोगी पडते.

यातले कोणते काम तिचे, याचा शोध तिने घ्यायचा आहे. विषय ठरवणे, वस्तू निवडणे आणि पाट्या लिहिणे हे क्युरेटरचे काम, ज्याला सरकारी जाहिरातींत ‘अभिरक्षक’ म्हणतात. त्यासाठी इतिहासाचे वाचन आणि स्वच्छ लिहिण्याची सवय हवी. कापड जपणे व दुरुस्त करणे हा संवर्धकाचा व्यवसाय आहे आणि त्याला रसायनशास्त्राचा पाया लागतो. न्यूयॉर्कच्या त्या अभ्यासक्रमात क्युरेटर आणि संवर्धन अशा दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि दुसऱ्या वाटेला रसायनशास्त्र शिकलेले असावे लागते. मुलीने दहावीनंतर विज्ञान सोडले असेल तर ती वाट तिला अवघड आहे, हे आत्ताच स्पष्ट बोललेले बरे. दालनाची रचना, प्रकाश आणि मांडणी करणारा प्रदर्शन डिझाइनर हा तिसरा. वस्तूंची नोंद, विमा, ने-आण आणि प्रत्येक डागाची लेखी तपासणी ठेवणारा रजिस्ट्रार हा चौथा. बाहेरून तो कोणाला दिसत नाही, पण त्याच्या सहीशिवाय कपाट उघडत नाही.

पोट भरते का, याचे सरळ उत्तर असे की भरते, पण सुरुवातीची वर्षे ओढीची असतात. सरकारी संग्रहालयांत जागा क्वचित निघतात आणि त्यांना नेमकी पदवी लागते. खासगी संग्रहालये, कंपन्यांची दफ्तरखाने व वारसा दालने आणि प्रदर्शने उभारून देणाऱ्या संस्था यांत काम वाढते आहे; मुंबईत नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर २०२३ मध्ये सुरू झाले तेव्हा उद्घाटनाच्या कार्यक्रमांत भारतीय वस्त्रांचे मोठे प्रदर्शन होते, आणि बंगळुरूचे म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी त्याच वर्षी स्वतःच्या इमारतीत खुले झाले. तरीही यातली बरीच कामे कंत्राटी असतात. कापड डिझाइन करणाऱ्या तिच्या मैत्रिणी पहिली काही वर्षे तिच्यापेक्षा जास्त कमावतील, हे तिला घरातूनच आधी कळायला हवे.

माझा सल्ला वडोदऱ्याचा आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ पासून आहे. आपल्या देशात हा विषय विद्यापीठात शिकवण्याची सुरुवातच तिथे झाली. शिवाय शेजारी गायकवाडांचे संग्रहालय आहे, आणि आपल्या मराठी घरांना वडोदरा परके नाही. इथे ती सारी कामे हाताने करून पाहील, खर्च परदेशाच्या तुलनेत फारच कमी येईल, आणि दोन वर्षांनी न्यूयॉर्कला जायचेच ठरले तर तिच्या अर्जात सांगण्यासारखे काही असेल. पात्रतेच्या अटी व मुदती विभागाकडून चौथे वर्ष संपण्यापूर्वीच विचारून घ्याव्यात. या उन्हाळ्यात तिने मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाकडे शिकाऊ उमेदवारीसाठी लिहावे. तिथे संवर्धनाचे स्वतंत्र केंद्र आहे. पवईच्या आयआयटीतील डिझाइन विभागाचे विद्यार्थी-प्रदर्शनही एकदा पाहून यावे. (अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, प्रदर्शन डिझाइन हा पदवीचा स्वतंत्र विषय आहे. आपल्या मुलीसाठी ती वेळ गेली आहे, पण घरात बारावीचे कोणी असेल तर त्याला जरूर सांगा.)

याहून महत्त्वाचे काम मात्र आपल्या घरात आहे. पत्रात एका ओळीत आपण लिहिले आहे की, वडिलांच्या वेळच्या नमुन्यांच्या वह्या शेडच्या माळ्यावर पडून आहेत. ती ओळ मी दोनदा वाचली. प्रत्येक पानावर डकवलेला कापडाचा तुकडा, बाजूला रीड व पिक (इंचामागे उभे व आडवे धागे किती), सुताचा नंबर (जाडी) आणि व्यापाऱ्याचे नाव: अशा वह्यांतून तुमच्या गावाने काय विणले आणि ते कोणी नेसले, हे उलगडते. मुलीला त्या वह्या द्या. प्रत्येक पानाला क्रमांक देऊन तिने नोंद करावी, जुन्या कारागिरांना भेटून विचारावे, त्यांतले वीस नमुने निवडावेत आणि प्रत्येकासाठी साठ शब्दांची पाटी मराठीत लिहावी. दिवाळीत शेड बंद असते तेव्हा दोन मागांच्या मधल्या जागेत ते नमुने पाट्यांसह मांडावेत आणि गावातल्या लोकांना बोलवावे. कोणत्या कामात तिचा हात रमतो, पाट्या लिहिण्यात, वह्या जपण्यात की जागा आखण्यात, हे त्या आठ दिवसांत तिला आणि आपल्यालाही दिसेल.

माळ्यावर ऊन आणि ओल असेल तर वह्या आजच खाली आणा. त्यांत डांबरगोळ्या ठेवल्या असतील तर काढून टाका, धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटात वह्या गुंडाळा आणि भिंतीला न टेकवता आडव्या ठेवा. पहिल्या पाच पाट्या लिहून झाल्या की मुलीने मला पाठवाव्यात. मी त्या वाचून परत पाठवीन.