बायोडाटात आईचं काम काय लिहू?

प्रश्न : ताई, माझ्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. आई गेली १२ वर्षं आमच्या गावात आशा आहे. बायोडाटात दादाने आईपुढे 'गृहिणी' लिहिलंय, म्हणतो आशा म्हटलं की लोक लगेच पगार विचारतात आणि तोंड वाकडं करतात. मामा म्हणतात 'आरोग्य खात्यात नोकरी' लिहा, वजन पडतं. आई काहीच बोलत नाही. काय लिहू?

उत्तर : अगं, आई गप्प आहे म्हणजे तिला चालतंय असं धरू नकोस. मामांचं तर अजिबात ऐकू नको, नोकरी म्हटलं की समोरचा पगार-पेन्शन गृहीत धरतो, आणि सरकारदरबारी आशा अजून स्वयंसेविकाच आहे, पगार नाही, कामाप्रमाणे मोबदला. उद्या बैठकीत विषय निघाला तर आईलाच खाली बघावं लागेल. आणि 'गृहिणी' लिहून दादाने तिची १२ वर्षं पुसूनच टाकली की!

बाळंतपण दवाखान्यात झालं तरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाने बाळ बघायचं असं ठरलेलं असतं, हे किती जणांना माहीत असतं? माझ्या बहिणीच्या बाळाला बघायला आशाताई आल्या तेव्हा मी तिथेच होते. हात धुतले, बाळाला झोळीत घालून काट्याला लावलं, मग दुपटं बाजूला करून पोटाकडे बघत घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. ६४ भरले. काही न बोलता परत मोजले, ६३. ६० किंवा वर म्हणजे धोका, म्हणाल्या आत्ताच निघा, आणि स्वतः रिक्षात बसल्या. बाळ ॲडमिट झालं, वाचलं. आम्हाला वाटत होतं नुसतं झोपलंय.

२०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या दहा लाखांवर आशांचा गौरव केला, त्यात तुझी आईपण आली ना!

सरळ लिही, 'आई : आशा स्वयंसेविका, १२ वर्षं', खाली गावाचं नाव. पगार विचारलाच तर खरा आकडा सांग आणि त्याच दमात ती काय काम करते तेही सांग, तोंड वाकडं करणारं घर आत्ताच कळलेलं बरं. फक्त छापायच्या आधी कागद आईच्या हातात दे, आणि पेनपण दे.