मूल उशिरा बोलते, तेव्हा त्याचे कानही तपासा

प्रश्न : मुलगी अडीच वर्षांची आहे. चालायला उशीर झाला, आणि बोलणे ‘आई’, ‘दे’ एवढ्यावरच आहे. हाकेला कधी वळते, कधी मुळीच वळत नाही. सर्दी सारखीच असते. ‘हिची वाढच सावकाश आहे, बोलेल’ असे सगळे म्हणतात. थांबावे का? (एक आई, परभणी)

उत्तर : थांबू नये. वाढ सावकाश आहे हे एकदा कळले की मुलाची प्रत्येक अडचण त्याच खात्यावर टाकली जाते, आणि कान तपासायचे राहून जातात. सतत सर्दी असेल किंवा नाकामागच्या अ‍ॅडेनॉइड ग्रंथी वाढल्या असतील, तर कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साचू शकते. असा कान बहुधा दुखत नाही, वाहतही नाही, म्हणून घरात कोणालाच शंका येत नाही. मुलाला मात्र सगळे दबलेले ऐकू येते, आणि पाणी कमी-जास्त होत राहिल्याने ऐकणेही रोज सारखे राहत नाही. अशा मुलाला हट्टी ठरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. पाठीमागे ताट वाजवल्यावर मुलगी दचकली, तरी त्यावरून काहीही सिद्ध होत नाही, कारण बोलण्यातले बारीक आवाज त्या दणक्याहून फार हळू असतात.

बेरा ही ऐकण्याची चाचणी मूल झोपेत असताना होते, त्यामुळे मुलीने उत्तर देण्याची गरज नसते. पडद्यामागे पाणी आहे का, हे टिम्पॅनोमेट्रीने कळते. दोन्हींविषयी डॉक्टरांना विचारावे. पुष्कळदा हे पाणी तीन महिन्यांत आपोआप ओसरते. पण वाढ मागे असलेल्या मुलीच्या बाबतीत फेरतपासणीची तारीख आधीच ठरवून घ्यावी. पाणी राहिलेच आणि ऐकणे कमी असेल, तर पडद्यात ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवण्याचा विचार करतात. कान ठीक निघाले तरी वाचा उपचार लांबवू नयेत. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक मुलांच्या तपासणीसाठी अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. त्याची वाट न पाहता जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे वाढ मागे असलेल्या मुलांवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्राची, चौकशी करावी.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलाचा कान वाहतो, बोलणेही मागे आहे. सासूबाई कोमट तेल घालतात. दिवाळीनंतर आम्ही ऊसतोडीला जाणार आहोत. (धारूर तालुका)

उत्तर : सासूबाईंची माया खरी आहे, पण वाहत्या कानात तेल घालू नये, पडद्याला भोक असेल तर ते आत जाते. मेडिकलमधून परस्पर थेंबही आणू नयेत, कारण भोक असताना काही थेंब आतल्या कानाला घातक ठरतात. स्वच्छ, मऊ सुती कापडाची वात वळून अलगद कानाच्या तोंडाशी ठेवावी, भिजली की बदलावी, आणि डॉक्टरांनी दिलेले थेंब त्यानंतर घालावेत. डोक्यावरून आंघोळ घालताना कानात पाणी जाऊ देऊ नये. टोळी निघण्यापूर्वी तपासणी उरकून घ्यावी, केसपेपर सोबत ठेवावा, म्हणजे कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात तोच उपचार पुढे चालवता येईल. फडावर कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहताना औषध मध्येच तुटते, हीच खरी अडचण असते. कानामागे सूज, ताप किंवा तोंड वाकडे होणे दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

प्रश्न : नातवाला कानाचे मशीन मिळाले, पण तो ते उपटून फेकतो. (एक आजी, लातूर)

उत्तर : आधी मशीनचा साचा, म्हणजे कानात बसणारा भाग, पाहावा. लहान मुलाचा कान वाढतो, साचा ढिला पडतो, मशीन शिट्टी वाजवते आणि मूल वैतागते. अशा वेळी नवा साचा घ्यावा लागतो. साचा बरोबर असेल तर सुरुवातीला घर शांत असताना, त्याला मांडीवर घेऊन दूधभाकरी भरवताना थोडा वेळ लावावे, समोर बसून बोलावे, आणि ही वेळ हळूहळू वाढवावी. बाजारात किंवा लग्नाच्या मांडवात पहिल्यांदा लावू नये. मशीनचे बटणासारखे सेल त्याच्या हाती लागू देऊ नयेत. गिळल्याची नुसती शंका आली तरी लगेच रुग्णालयात न्यावे.