'टेन्शन' शब्दाला बंदी

"मॅडम, पुस्तक मी लपवून ठेवलंय. त्याला परत द्यायचं की नाही, ते तुम्ही सांगा."

आईंनी पर्समधून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक काढलं. आत जॉर्ज ऑर्वेलची कादंबरी, '१९८४'. मुलगा नववीत. महिनाभर गप्प-गप्प, काही विचारलं की एकच उत्तर, 'टेन्शन आहे'. आईंनी कारण शोधून ठेवलं होतं: हे पुस्तक.

मी समुपदेशक, हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी येतो. पुस्तक बदलतं, काळजी तीच. जुलमी, काळोख्या जगाच्या गोष्टी वाचून मूल निराश होईल का? माझं पहिलं सांगणं ठरलेलं आहे: हिसकावून घेऊ नका, ते कोणत्या पानावर अडलंय तेवढं विचारा.

मुलगा भेटायला आला तेव्हा मीही तसंच विचारलं. "यात सगळ्यात भीती कशाची वाटली?" उत्तर मी मनात धरूनच बसले होते. घराघरात लावलेला, माणसावर नजर ठेवणारा तो पडदा. मग तिथून मोबाइल, तिथून आईची पाळत, असा माझा सरळ रस्ता आखलेला. (वीस वर्षांच्या सरावाची ही खोड.)

"डिक्शनरी," तो म्हणाला.

कादंबरीतलं सरकार नवी भाषा घडवतंय, आणि तिचा शब्दकोश दर आवृत्तीला बारीक होत जातो. 'वाईट' हा शब्द हवाच कशाला? 'अ-चांगलं' म्हटलं की भागलं. नायक विन्स्टनचा सहकारी साइम हे काम मोठ्या कौतुकाने समजावतो: शब्दच उरले नाहीत, तर तसा विचार येईलच कुठून?

"आमच्या घरी तसंच झालंय. किती पडले, क्लास सुटला का, जेवलास का. बास."

पुढच्या दोन भेटी वरवरच्या गप्पांत गेल्या. तिसऱ्या वेळी मी कोरा कागद पुढे केला. "आजपासून 'टेन्शन' शब्दाला बंदी. दुसरा शब्द शोध."

त्याने 'कंटाळा' लिहिलं, खोडलं. 'धाकधूक' लिहिलं, तेही खोडलं. मग बराच वेळ पेन नुसतं फिरवत राहिला. मी घड्याळाकडे पाहिलं नाही, एवढीच माझी कामगिरी. शेवटी बारीक अक्षरात शब्द उमटला: घुसमट.

"कशाची?"

अकरावी-बारावीला कोणता क्लास, कोणत्या शहरात, हे बाबांनी ठरवून टाकलं होतं. "मला सांगितलं, मॅडम. विचारलं नाही." 'टेन्शन'वर कोणी काय बोलणार? घुसमटीवर बोलता येतं, कारण तिला खिडकी कुठली ते शोधता येतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस आणि त्यांची विचारपद्धती मराठीत रुजवणारे कि. मो. फडके यांच्या पुस्तकांवर मी वाढले. तिथे दुःख वेगळं, नैराश्य वेगळं. काळजी वेगळी आणि चिंता वेगळी. हे सगळं एका 'टेन्शन'च्या पोत्यात कोंबलं की मुलाला मदत मागताही येत नाही. तेव्हा पुस्तकाने त्याला गप्प केलं नव्हतं. आधीपासून असलेलं गप्पपण त्याला त्यात दिसलं होतं.

हाच खेळ मग मी त्याच्या वर्गात घेतला. शब्दकोश बारीक होण्याचा तो प्रसंग वाचून दाखवला आणि फळ्यावर उलटा उद्योग सुरू केला. हुरहूर, धसका, हिरमोड, असूया, हळहळ. एका मुलीने आजीकडून 'कालवाकालव' आणला. फळा पुसायला नंतर कोणी तयार होईना.

पालकांना एवढंच सांगेन. '१९८४'चा तिसरा भाग छळाचा आहे. लहान वयाच्या, हळव्या मुलाला तो एकट्याने वाचायला देऊ नका, सोबत वाचा. मात्र झोप उडाली, मित्र तुटले, जेवण सुटलं किंवा 'जगून काय करायचंय' अशी भाषा येऊ लागली, तर पुस्तकावर वाद घालत बसू नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या.

बाबा एकदाच आले. क्लासचा निर्णय अजून पक्का नाही, पण आता घरात त्यावर भांडण होतं. मला ते चांगलं लक्षण वाटतं.

शेवटच्या भेटीत मुलगा पुस्तक घेऊन आला. "मॅडम, शेवटचं परिशिष्ट वाचलंत? त्या भाषेबद्दल आहे. आणि सगळं भूतकाळात लिहिलंय. ती भाषा 'होती' म्हणे."

इतक्या वर्षांत मी ते परिशिष्ट गाळतच आले होते. पुस्तक दोन दिवसांसाठी मागून घेतलं.