वजन कमी करताना व्यायामात जाळलेल्या कॅलरी परत खाव्यात का?
रोजचा तासाभराच्या आतला व्यायाम असेल, तर परत खाऊ नका. घड्याळावरचा आकडाच भरवशाचा नसतो: 2017 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने मनगटावरची सात उपकरणं तपासली, तेव्हा त्यातल्या सर्वांत अचूक उपकरणाचाही कॅलरीचा अंदाज सरासरी 27 टक्के चुकला. शिवाय ट्रेडमिलवर दिसणाऱ्या 300 कॅलरींत, नुसतं बसून जाळल्या असत्या त्याही बहुतेकदा धरलेल्या असतात. आणि कॅलरी मोजायच्या अ‍ॅपमध्ये रोजचं लक्ष्य ठरवताना ‘मध्यम सक्रिय’ निवडलं असेल, तर बहुतेकदा व्यायाम आधीच मोजला गेलेला असतो. लोक नेमके इथेच फसतात, तोच व्यायाम दोनदा धरला जातो. मात्र दीड-दोन तास पळणं किंवा सायकलिंग असेल, तर अंदाजे निम्म्या कॅलरी जरूर खा. चक्कर येत असेल किंवा पाळी चुकत असेल, तर वाट न पाहता खाणं वाढवा आणि डॉक्टरांना दाखवा.