एक्स्ट्रॅक्ट किटमधून (मोड आणलेल्या बार्लीचा, म्हणजे माल्टचा, तयार घट्ट अर्क) घरी लागर बिअर बनवली, पण बटरसारखा वास येतोय. काय चुकलं असेल?

तुम्ही लिहिलंय की डब्यावर लागर लिहिलेलं किट आणलं, खोलीत २१ डिग्रीला ठेवलं, सातव्या दिवशी एअरलॉकमधले (झाकणावरची, गॅस बाहेर सोडणारी पाण्याची नळी) बुडबुडे थांबले म्हणून आठव्या दिवशी बाटल्या भरून टाकल्या आणि आता बटरवाल्या पॉपकॉर्नचा वास येतोय. हाच पराक्रम मी लागोपाठ दोन बॅचना केलाय, त्यामुळे हसत नाहीये.

तो वास डायअसिटिलचा. यीस्ट काम करताना एक पदार्थ बाहेर टाकतं, त्याचं हळूहळू डायअसिटिल होतं आणि शेवटी तेच यीस्ट ते परत आत ओढून संपवतं. म्हणजे स्वतःचा पसारा स्वतःच आवरतं, पण तेवढा वेळ द्यायला हवा ना, आपण मधेच बाटल्या भरून मोकळे! आणि बुडबुड्यांवर तर अजिबात जाऊ नका, झाकण जरा सैल असलं तरी ते दिसत नाहीत. हायड्रोमीटर घ्या, म्हणजे बिअरची घनता मोजायचं उपकरण, साखर संपत जाते तसा त्याचा आकडा उतरतो. दोन-तीन दिवस आकडा तोच राहिला, साधारण १.०१० च्या आसपास, तरच काम संपलं.

आता डब्यावरच्या 'लागर' शब्दाबद्दल. बऱ्याच किटच्या झाकणाखाली जी छोटी पुडी असते त्यात एलचं (लागरपेक्षा उबेत आंबणारी बिअर) यीस्ट असतं, कारण ते १८-२२ डिग्रीला बिनबोभाट चालतं आणि नवशिक्याची बॅच फसत नाही. फ्रीज नसेल तर माझं मत विचाराल तर तेच वापरा, १८ च्या आसपास ठेवा, छान हलकी एल होते, फक्त तिला लागर म्हणू नका. खरं लागर यीस्ट १०-१२ डिग्रीला काम करतं आणि थंडीत सुस्तावतं म्हणून जास्त लागतं, २३ लिटरला ११.५ ग्रॅमची दोन पाकिटं. मी एकदा कंजूषपणा करून एकच टाकलं तर तीन दिवस काही हालचालच नाही, रोज झाकणाला कान लावून बसायचो.

हल्ली मी जुन्या फ्रीजला टेम्परेचर कंट्रोलर लावलाय, त्याचा सेन्सर फर्मेंटरला (बिअर आंबवायचं भांडं) चिकटवून वरून फोमचा तुकडा, नाहीतर तो बिअरचं नाही, फ्रीजमधल्या हवेचं तापमान दाखवतो. १२ डिग्रीला सुरू करतो, १.०४८ वरून १.०२० च्या आसपास आलं की १७ वर नेऊन आकडा स्थिर होईपर्यंत ठेवतो. मग टेस्ट. दोन ग्लासात थोडी थोडी बिअर घ्यायची, दोन्हीवर फॉइल, एक ग्लास ६० डिग्रीच्या पाण्यात वीसेक मिनिटं, मग गार करून दोन्हींचा वास घ्यायचा. गरम केलेल्यात बटर आलं म्हणजे ज्याचं डायअसिटिल होतं तो कच्चा माल अजून शिल्लक आहे, थांबा. नाही आलं तर १-२ डिग्रीला महिनाभर. लागर म्हणजे जर्मनमध्ये साठवणंच की.

किटमध्ये एक किलो साखर घाला लिहिलेलं असतं ना, तिच्या जागी माल्ट एक्स्ट्रॅक्ट घाला, बिअर पाणचट लागत नाही.

भरलेल्या बाटल्यांचं काय? आधी एक गार करून उघडा. फेस उसळून बाहेर आला तर फर्मेंटेशन अर्धवट होतं, सगळ्या लगेच फ्रीजमध्ये टाका, नाहीतर बाटल्या फुटतील, आणि हाताळताना गॉगल-हातमोजे घाला, काचेशी मस्ती नको. नॉर्मल उघडली तर झाकणाच्या खोक्यात २० डिग्रीला दोन आठवडे ठेवा, बाटलीतलं यीस्ट अजून जिवंत असतं, माझ्या दुसऱ्या बॅचचा वास असाच बराचसा गेला होता. पण बटरसोबत आंबटपणाही असेल तर बॅक्टेरिया शिरलेत, ती बॅच सरळ ओतून द्या आणि आधी बाटल्या भरायची नळी बदला, घाण तिथेच लपून बसते.